सर्व्हरची किल्ली आणि कायद्याचे उत्तरदायित्व

१९९८ च्या अखेरीस स्वीडनमध्ये चर्चच्या धर्मशिक्षणाचे काम करणाऱ्या एका महिलेने घरच्या संगणकावर काही वेबपाने तयार केली. धर्मदीक्षेची तयारी करणाऱ्यांना आवश्यक माहिती सहज मिळावी, एवढाच तिचा हेतू होता. त्या पानांवर चर्चमधील सहकाऱ्यांची नावे, काहींचे दूरध्वनी क्रमांक आणि छंद दिलेले होते. एका सहकारी महिलेच्या पायाला दुखापत झाल्यामुळे ती अर्धवेळ वैद्यकीय रजेवर आहे, असाही उल्लेख होता. काही सहकाऱ्यांना हे रुचलेले नाही असे कळल्यावर तिने ती पाने काढून टाकली, तरीही तिच्यावर खटला भरला गेला आणि खालच्या न्यायालयाने तिला ४,००० क्रोनरचा दंड ठोठावला. प्रकरण युरोपीय संघाच्या न्यायालयापर्यंत गेले. ६ नोव्हेंबर २००३ च्या निवाड्यात त्या न्यायालयाने सांगितले की, खाजगी व घरगुती वापरासाठी माहिती-संरक्षणाच्या कायद्यात ठेवलेली सूट अशा प्रकाशनाला लागू होत नाही, कारण इंटरनेटवर ठेवलेली माहिती अगणित लोकांपर्यंत पोहोचू शकते. काम धर्मादाय आहे, त्यातून पैसा मिळत नाही, या कारणाने ते कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही. मात्र शिक्षा कृत्याच्या प्रमाणात असावी आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाही तोल सांभाळला जावा, अशी जाणीव त्याच निवाड्याने राष्ट्रीय न्यायालयांना करून दिली.

हा जुना निवाडा आज आठवण्याचे कारण असे की, त्या महिलेच्या जागी आता हजारो माणसे आहेत आणि त्यांच्या हाती चार वेबपानांपेक्षा कितीतरी अधिक काही आहे. २०१६ मध्ये मॅस्टोडॉन हे समाजमाध्यमाचे मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वापरता व बदलता येतो असे, सॉफ्टवेअर प्रसिद्ध झाले, जानेवारी २०१८ मध्ये वेबची मानके ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ॲक्टिव्हिटीपब या, सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या, प्रोटोकॉलला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला, आणि एका कंपनीच्या मालकीऐवजी परस्परांशी बोलणाऱ्या असंख्य स्वतंत्र सर्व्हरांचे समाजमाध्यम प्रत्यक्षात आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी बदलल्यावर या सर्व्हरांकडे लोकांचा लोंढा वळला. नोकरी सांभाळून, देणग्यांवर किंवा पदरमोड करून सर्व्हर चालवणारी माणसे थोड्याच दिवसांत अनोळखी लोकांचे संदेश, ईमेल पत्ते, छायाचित्रे आणि भांडणे यांची राखणदार बनली. हौसेने सुरू केलेल्या या कामामुळे आपण कायद्याच्या भाषेत ‘मध्यस्थ’, म्हणजे इतरांचा मजकूर साठवणारे व पोहोचवणारे, झालो आहोत, हा विचार त्या धावपळीत किती जणांच्या मनात आला असेल?

माझे म्हणणे असे आहे की, दायित्व ताब्याबरोबर जावे. मजकूर काढून टाकण्याचे बटण ज्याच्या हाती आहे, डेटाबेसची किल्ली ज्याच्याकडे आहे, त्याने उत्तर द्यावे, मग तो पगार घेत असो वा नसो. आणि ज्याच्याकडे ती किल्ली नाही, त्याला केवळ मूळ कोड लिहिला म्हणून न्यायालयात खेचू नये. ताबा असलेल्या माणसाकडून नेमके काय मागायचे, हे ठरवताना त्याची कुवत जरूर पाहावी, पण ज्यांची माहिती त्याने आपल्याकडे ठेवून घेतली आहे त्यांच्या हक्कांना त्यापायी कात्री लागू नये. सार्वजनिक चर्चेत ‘विकसक’ आणि ‘सर्व्हरचालक’ या दोन भूमिका सर्रास एक केल्या जातात. अनेकदा त्या एकाच व्यक्तीकडे असतात हे खरे, परंतु तिचे दायित्व मोजताना त्या वेगळ्या काढाव्याच लागतात.

प्रथम कोड लिहिणाऱ्याचा विचार करू. २०१९ मध्ये गॅब या, द्वेषपूर्ण मजकुरासाठी कुप्रसिद्ध असलेल्या, संकेतस्थळाने मॅस्टोडॉनचाच कोड घेऊन आपली व्यवस्था त्यावर हलवली. मॅस्टोडॉनच्या विकसकांनी उघड निषेध केला, इतर सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले, काही मोबाइल ॲपनी त्याचा पत्ताच अडवला. पण कोड परत घेण्याचा अधिकार कोणाकडेच नव्हता, कारण मुक्त परवान्याने दिलेले स्वातंत्र्य वापरणाऱ्याचे विचार पाहून देता येत नाही. २०२१ मध्ये ट्रुथ सोशल या डोनाल्ड ट्रम्प यांच्या कंपनीच्या समाजमाध्यमाचे प्रकरण वेगळे निघाले. तेथे मॅस्टोडॉनचा कोड वापरला गेला, पण मॅस्टोडॉनच्या एजीपीएल या मुक्त परवान्याच्या अटीप्रमाणे आपल्या आवृत्तीचा स्रोत वापरकर्त्यांना उपलब्ध करून दिलेला नव्हता; विकसकांनी कायदेशीर पत्र पाठवल्यानंतर तो प्रसिद्ध झाला. आपल्या कोडवर उभ्या राहिलेल्या परक्या सर्व्हरच्या बाबतीत विकसकाचा हात एवढाच पोहोचतो: परवाना मोडला तर तो दाद मागू शकतो, तेथे काय बोलले जाते यावर त्याचा ताबा नसतो. म्हणून तेथील बदनामीकारक किंवा हिंसक मजकुरासाठी त्याला जबाबदार धरणे हे छापखान्याच्या यंत्राचा आराखडा काढणाऱ्याला प्रत्येक पत्रकासाठी जबाबदार धरण्यासारखे होईल.

मात्र विकसकाच्या ताब्यात जे आहे, त्याचे उत्तर त्याने दिलेच पाहिजे. जुलै २०२३ मध्ये मॅस्टोडॉनमध्ये एक गंभीर सुरक्षा-त्रुटी उघड झाली. विशिष्ट प्रकारे तयार केलेली माध्यम-फाइल पाठवून सर्व्हरवर हवी ती फाइल लिहिता येणे त्या त्रुटीमुळे शक्य होते. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाच्या खर्चाने झालेल्या तपासणीत ती सापडली आणि दुरुस्त आवृत्त्या लगेच दिल्या गेल्या. येथे दायित्वाची साखळी स्पष्ट दिसते: दुरुस्ती वेळेत देणे आणि तिचे गांभीर्य न लपवता सांगणे हे विकसकाचे काम, ती आपल्या सर्व्हरवर बसवणे हे चालकाचे. दुसरी गोष्ट मूळ सेटिंगांची. आयपी पत्ते किती दिवस साठवायचे, नवे खाते कोणाच्या मंजुरीशिवाय उघडता यावे का, तक्रारीचे बटण किती ठळक असावे, हे विकसक एकदा ठरवतो आणि बहुतेक चालक ते आहे तसेच राहू देतात. कायद्याच्या नजरेतून सहसा निसटणारा हा भाग मला परवान्याच्या शेवटी छापलेल्या ‘कोणतीही हमी नाही’ या कलमापेक्षा फार महत्त्वाचा वाटतो. ते कलम कोड उचलणाऱ्या चालकापुरते आहे. ज्या तिसऱ्या माणसाचे खाजगी संदेश फुटतात, त्याने तो परवाना कधी पाहिलेला किंवा स्वीकारलेला नसतो.

युरोपीय संघाने या बाबतीत उशिरा का होईना, पण बऱ्यापैकी विवेक दाखवला. डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आलेल्या आणि मुख्य तरतुदी डिसेंबर २०२७ पासून लागू होणाऱ्या सायबर रेझिलियन्स कायद्याच्या पहिल्या मसुद्यावर मुक्तस्रोत संस्थांनी जोरदार आक्षेप घेतले होते, कारण व्यापारी उत्पादकावरील ओझे हौशी विकसकावरही पडेल अशी त्याची भाषा होती. अंतिम कायद्यात व्यापारी व्यवहाराबाहेर दिले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर वगळले गेले आणि अशा प्रकल्पांना आधार देणाऱ्या संस्थांसाठी ‘मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचा कारभारी’ अशी वेगळी, हलक्या कर्तव्यांची व दंडातून मुक्त अशी श्रेणी निर्माण झाली. उत्पादन-दायित्वाच्या २०२४ च्या नव्या निर्देशानेही व्यापारी व्यवहाराबाहेरचे मुक्त सॉफ्टवेअर वगळले आहे. विकसकापुरता हा प्रश्न त्यामुळे निदान युरोपात योग्य दिशेला लागला आहे. सर्व्हर चालवणाऱ्याच्या वाट्याला मात्र इतकी स्पष्टता आलेली नाही.

चालकाच्या दायित्वाचा इतिहास एका विचित्र पेचातून सुरू होतो. अमेरिकेत १९९१ मध्ये कॉम्प्युसर्व्ह या ऑनलाइन सेवेविरुद्धच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले की, ही सेवा मजकूर आधी तपासत नाही, म्हणून ती पुस्तकविक्रेत्यासारखी आहे आणि बदनामीला जबाबदार नाही. १९९५ मध्ये प्रॉडिजी या तशाच सेवेविरुद्धच्या खटल्यात दुसऱ्या न्यायालयाने ठरवले की, ही सेवा मजकुरावर देखरेख ठेवते, म्हणून ती प्रकाशक आहे आणि जबाबदार आहे. म्हणजे जो लक्ष घालील तो अडकेल आणि जो डोळे मिटून बसेल तो सुटेल. हा उलटा न्याय मोडून काढण्यासाठी १९९६ मध्ये कम्युनिकेशन्स डिसेन्सी ॲक्ट या कायद्याद्वारे कलम २३० आले. इतरांच्या मजकुरासाठी सेवाचालकाला प्रकाशक मानायचे नाही आणि सद्‌हेतूने केलेल्या साफसफाईबद्दल त्याला शिक्षा करायची नाही, हे त्याचे सार आहे. स्वयंसेवकांच्या सर्व्हरला यातील दुसरा भाग अधिक मोलाचा आहे, कारण संध्याकाळी दोन तास बसून तक्रारी वाचणारा मॉडरेटर दहा गोष्टी काढील आणि अकरावी त्याच्या नजरेतून सुटेल, हे गृहीतच धरावे लागते. सुटलेल्या अकराव्या गोष्टीसाठी त्याला ‘तू तर लक्ष ठेवत होतास’ असे म्हणून धरले, तर तो पुढच्या वेळी पहिल्या दहा गोष्टींकडेही पाहणार नाही.

हे संरक्षण कुठेही बिनशर्त नाही. अमेरिकेत फौजदारी संघीय कायदा आणि बौद्धिक संपदा कलम २३० च्या बाहेर आहेत. प्रताधिकाराच्या दाव्यांपासून १९९८ च्या कायद्यातील आश्रय हवा असेल, तर तक्रारी स्वीकारणारा प्रतिनिधी नेमून त्याची कॉपीराइट कार्यालयात नोंद करावी लागते, ती दर तीन वर्षांनी नव्याने करावी लागते, आणि सहा डॉलरची ही नोंद राहून गेली की तो आश्रयच नाहीसा होतो. भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ खाली मध्यस्थाला संरक्षण आहे. २०१५ च्या श्रेया सिंघल निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, मजकूर काढण्याची सक्ती न्यायालयाचा किंवा शासनाचा आदेश कळल्यावरच होते. कोणाही व्यक्तीच्या मागणीवरून मध्यस्थाने न्यायाधीश बनायचे नाही. मात्र २०२१ च्या नियमांनी तक्रार निवारण अधिकारी नेमणे प्रत्येक मध्यस्थाला बंधनकारक केले. पन्नास लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांची मर्यादा आहे ती त्यापलीकडच्या जादा कर्तव्यांसाठी. पायाभूत कर्तव्यांतून लहानाला सूट नाही. युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यात पन्नासपेक्षा कमी कर्मचारी आणि एक कोटी युरोपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना बऱ्याच कर्तव्यांतून वगळले आहे, पण तक्रार स्वीकारण्याची यंत्रणा आणि संपर्काचा बिंदू त्यांनाही ठेवावाच लागतो. ब्रिटनच्या २०२३ च्या ऑनलाइन सुरक्षा कायद्यात आकारावरून सरसकट सूटच नाही. १६ मार्च २०२५ पर्यंत बेकायदा मजकुराच्या जोखमीचे लेखी मूल्यमापन करणे भाग होते, आणि दंडाची कमाल मर्यादा एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जागतिक उत्पन्नाच्या दहा टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती आहे. नियामक यंत्रणा लहानांशी प्रमाणात वागण्याचे आश्वासन देते. तरीही सायकलस्वारांच्या एका जुन्या, एकट्या माणसाने सांभाळलेल्या मंचाच्या चालकाने त्या मुदतीआधीच बंदची घोषणा केली होती. ज्याच्यावर व्यक्तिशः दायित्व येऊ शकते, त्याला आश्वासनाच्या भरवशावर झोप लागत नाही.

या यादीत एक बाब माझ्या मते सरळ अन्यायाची आहे. तक्रार अधिकाऱ्याचे नाव व संपर्क जाहीर करा, ही अट कंपनीसाठी अगदी योग्य आहे; तेथे नावामागे कार्यालय असते, वकील असतो, सुरक्षा असते. एकट्या स्वयंसेवकाच्या बाबतीत मात्र ते नाव त्याचे स्वतःचे आणि पत्ता बहुधा त्याच्या घराचा असतो. ज्या द्वेष पसरवणाऱ्याचे खाते त्याने काल बंद केले, त्याच्या हाती कायदाच आज हा पत्ता देतो. नोंदणीकृत संस्थेमार्फत किंवा शासनाने चालवलेल्या टपालपेटीमार्फत संपर्काची सोय मान्य केली, तर तक्रारदाराचा हक्क अबाधित राहील आणि चालकाचे घरही सुरक्षित राहील. इतका साधा बदल अद्याप सर्वत्र झालेला नाही, याचे मला वाईट वाटते.

आता स्वयंसेवकाने कोणतीही सवलत मागू नये अशा ठिकाणाकडे वळतो. जुलै २०२३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या इंटरनेट ऑब्झर्व्हेटरी या संशोधनगटाने फेडिव्हर्समधील, म्हणजे परस्परांशी जोडलेल्या या स्वतंत्र सर्व्हरांच्या जाळ्यातील, पंचवीस मोठ्या सर्व्हरांची पाहणी प्रसिद्ध केली. दोन दिवसांतील सुमारे ३,२५,००० पोस्ट तपासल्यावर बालकांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच ज्ञात असलेल्या चित्रांशी जुळणारी ११२ उदाहरणे आढळली, आणि त्यांपैकी पहिले शोध सुरू केल्यावर पाच मिनिटांच्या आत सापडले. सर्व्हर असे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे हा प्रश्न अधिक कठीण होतो. माझ्या सर्व्हरवरील एखादा वापरकर्ता दुसऱ्या सर्व्हरवरील खात्याचा अनुयायी झाला की तिकडची चित्रे माझ्या सर्व्हरच्या साठ्यात आपोआप उतरतात. मी ती मागवलेली नसतात, पाहिलेली नसतात, पण डिस्क माझी असते. जवळ बाळगणे हाच जेथे गुन्हा आहे, तेथे ही तांत्रिक बाब क्षुल्लक राहत नाही. अमेरिकी कायदा चालकाने सर्व मजकूर धुंडाळावा असे म्हणत नाही, पण असे काही त्याच्या ध्यानात आले तर ठरलेल्या राष्ट्रीय केंद्राकडे कळवणे आणि पुरावा जपून ठेवणे सक्तीचे करतो. जपण्याची मुदत २०२४ मध्ये नव्वद दिवसांवरून एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली. घाबरून लगेच सगळे पुसून टाकणे ही प्रतिक्रिया माणसाला स्वाभाविक वाटते, पण तिने पुरावा नष्ट होतो आणि त्या चित्रातील मुलापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग बंद होतो. म्हणून सर्व्हर सुरू करण्यापूर्वीच, आपल्या देशात हे कोठे कळवायचे आणि काय जपून ठेवायचे, हे चालकाने लिहून ठेवले पाहिजे. ज्याला एवढेही जमणार नाही त्याने अनोळखी लोकांना आपल्या सर्व्हरवर चित्रे चढवू देऊ नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

तरीही दोष केवळ चालकावर ढकलून कायदा मोकळा होऊ शकत नाही. ज्ञात चित्रांचे अंकीय ठसे जुळवून पाहणारे तंत्र २००९ पासून अस्तित्वात आहे आणि मोठ्या कंपन्या ते रोज वापरतात. मात्र त्या ठशांच्या याद्या ज्यांच्याकडे आहेत त्यांच्याशी करार करण्याची कुवत पाचशे खात्यांच्या सर्व्हरकडे नसते. लहान सर्व्हरांसाठी हे तंत्र उपलब्ध करून देऊ पाहणाऱ्या इफ्टास या ना-नफा संस्थेला २०२५ मध्ये निधीअभावी ती सेवा थांबवावी लागली. कर्तव्य सर्वांना सारखे आणि ते पार पाडण्याचे साधन मात्र श्रीमंतांकडेच, अशी स्थिती शासनाने राहू देणे मला अक्षम्य वाटते. अशी तपासणी हे सार्वजनिक सुरक्षेचे काम आहे आणि ते सार्वजनिक पैशातून प्रत्येक प्रामाणिक चालकाला मोफत मिळाले पाहिजे.

खाजगी संदेशांबाबतही स्वयंसेवकांच्या सर्व्हरांवर एक गैरसमज पसरलेला दिसतो. मॅस्टोडॉनवरील व्यक्तिगत संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतात. डेटाबेस ज्याच्याकडे आहे तो ते वाचू शकतो. २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकेत एका सर्व्हरच्या प्रशासकाच्या घरावर, सर्व्हरशी संबंध नसलेल्या प्रकरणात, तपासयंत्रणेने छापा घातला आणि जप्त झालेल्या साधनांत त्या सर्व्हरच्या डेटाबेसची एक कूटबद्ध न केलेली प्रत होती. ती त्याने कामासाठी तात्पुरती घेतलेली होती. हजारो लोकांचे ईमेल पत्ते, आयपी पत्ते आणि व्यक्तिगत संदेश अशा रीतीने त्यांचा कोणताही संबंध नसलेल्या तपासाच्या पोतडीत गेले. येथे कोणाचाही वाईट हेतू नव्हता, पण निष्काळजीपणा होता, आणि त्याचे परिणाम भोगणाऱ्यांना त्यात काही बोलण्याची संधी नव्हती. युरोपचा माहिती-संरक्षण कायदा माहितीच्या भंगाची सूचना ७२ तासांत नियामकाला देण्यास सांगतो. ही मुदत एकट्या माणसाला कडक वाटेल हे मी समजू शकतो, पण ती सैल करावी असे मला वाटत नाही. भार हलका करण्याचा मार्ग चालकाच्याच हाती आहे: जे साठवलेले नाही, ते फुटत नाही आणि जप्तही होत नाही.

दायित्वाचे माप कसे असावे याचा एक चांगला नमुना मानवी हक्कांच्या युरोपीय न्यायालयाने दिला आहे. २०१५ मध्ये त्याने एस्टोनियातील एका मोठ्या व्यापारी वृत्तस्थळाला वाचकांच्या उघड द्वेषपूर्ण प्रतिक्रियांसाठी जबाबदार धरणारा निर्णय उचलून धरला. २०१७ मध्ये मात्र स्वीडनमधील एका लहान ना-नफा संस्थेच्या पानावरील निनावी बदनामीकारक प्रतिक्रियेबाबतची तक्रार फेटाळताना त्याने संस्थेचा आकार, तिचे ना-नफा स्वरूप, ती प्रतिक्रिया हिंसेला चिथावणी देणारी नसणे, आणि कळवल्यावर दुसऱ्याच दिवशी ती काढून माफी मागितलेली असणे, या सर्वांचा विचार केला. हेच माप मला न्याय्य वाटते: कळण्यापूर्वीच्या चुकीसाठी लहान चालकाला शिक्षा नको, कळल्यानंतर त्याने काय केले ते कठोरपणे पाहा, आणि हानी जितकी गंभीर तितका त्याला कमी अवधी द्या. अहवाल, मूल्यमापने, नोंदवह्या ही कागदी कर्तव्ये आकाराप्रमाणे घटवता येतात. ऐकण्याचे, काढण्याचे, जपण्याचे आणि कळवण्याचे कर्तव्य घटवता येत नाही.

चालकांनीही एकट्याने उभे राहण्याची सवय सोडली पाहिजे. अमेरिकेचा १९९७ चा स्वयंसेवक-संरक्षण कायदा साध्या निष्काळजीपणाच्या दायित्वातून स्वयंसेवकाला वाचवतो, पण तो ना-नफा संस्थेसाठी किंवा शासकीय संस्थेसाठी काम करणाऱ्यांनाच. स्वतःच्या नावावर सर्व्हर चालवणारी व्यक्ती त्यात बसत नाही. इतर अनेक देशांतही नोंदणीकृत संस्था किंवा सहकारी मंडळ असेल तर दायित्व व्यक्तीच्या घरादारापर्यंत सहसा पोहोचत नाही. पाच-सात जणांनी मिळून संस्था नोंदवणे हे कंटाळवाणे काम आहे, पण त्यातून हिशेब उघड होतात, निर्णय एकाच्या लहरीवर राहत नाहीत आणि किल्ली एकाहून अधिक हातांत जाते. मॅस्टोडॉन प्रकल्पाने आपल्या अधिकृत यादीत येणाऱ्या सर्व्हरांसाठी घातलेल्या अटींत सक्रिय देखरेख, रोजचा बॅकअप, तातडीच्या वेळी प्रवेश असणारी किमान एक दुसरी व्यक्ती आणि बंद करण्यापूर्वी किमान तीन महिन्यांची सूचना यांचा समावेश आहे. कोणत्याही संसदेने न केलेले हे नियम आहेत, आणि मला ते अनेक कायद्यांपेक्षा अधिक नेमके वाटतात.

त्यांतील शेवटच्या अटीला एक जोड मात्र द्यावी लागेल. थकून, आजारी पडून किंवा पैसे संपून सर्व्हर बंद करण्याचा अधिकार स्वयंसेवकाला आहेच, आणि तो वापरल्याबद्दल त्याला कोणी दूषण देऊ नये. पण डोमेन सोडून दिले, मुखपृष्ठावर निरोप लिहिला, एवढ्याने त्याचे दायित्व संपत नाही. लोकांना आपली माहिती उतरवून घेण्यासाठी व दुसऱ्या सर्व्हरवर जाण्यासाठी मुदत मिळाली पाहिजे, सोडलेले डोमेन दुसऱ्या कोणी उचलून जुन्या नावाने संदेश गोळा करणार नाही याची काळजी घेतली पाहिजे, आणि कायद्याने जपायला सांगितलेले तेवढे वगळता बाकी सर्व प्रती, भाड्याच्या साठ्यातील आणि कपाटातल्या जुन्या डिस्कवरीलही, पुसल्या गेल्या पाहिजेत. ती डिस्क कपाटात आहे तोपर्यंत त्या हजारो लोकांचे संदेश अजून त्याच्याच ताब्यात आहेत.